आप्पांनी मोकळी सोडलेली जागा

वैशाखात क्लॅरनेटची पत्ती ओठांत धरवत नाही. पत्ती म्हणजे वाद्याच्या तोंडाशी बसवलेली वेळूच्या चिपेसारखी पातळ पट्टी. फुंकर लागली की ती थरथरते आणि सूर निघतो. या दिवसांत दोन गाण्यांच्या मध्येच ती वाळून कडेला वळते, म्हणून आम्ही बँडवाले ती काढून पानाच्या विड्यासारखी गालात धरून ठेवायचो. लग्नात वाजवणं सोडून मला तीन वर्षं झाली. तरी ऊन असं तापलं, दारात पत्रिका येऊन पडायला लागल्या की तोंडात तीच लाकडाची कडवट चव येते. चहा घेतला तरी जात नाही.

परवा पहिली पाळी सुटली आणि कंपनीची बस शिरूरच्या अलीकडे एका मिरवणुकीमागे अडकली. पुढे टेम्पो आणि त्यावर माणसाच्या दुप्पट उंचीचे स्पीकर होते. बसच्या काचा थरथरत होत्या. टेम्पोवर चौघेजण बँडचे लाल कोट घालून उभे होते. एकाच्या तोंडाला ट्रंपेट, एकाच्या गळ्यात सॅक्सोफोन. मी खिडकीतून बराच वेळ बघत होतो. काहीतरी खटकत होतं, पण काय ते कळत नव्हतं. मग लक्षात आलं, त्यांचे गाल फुगतच नव्हते. आवाज पेनड्राइव्हमधून येत होता आणि ही माणसं वाद्यं नुसती तोंडाला लावून डुलत होती. शेजारचा फिटर म्हणाला, "काय कडक वाजवत्यात राव!" मी "व्हय" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, आणि त्यांना हसायचा हक्क मला तर मुळीच नाही. मी स्वतः एक अख्खी लगीनसराई खरीखुरी हवा फुंकून नुसता डुललोच होतो.

त्या वर्षी आमच्या कंपनीतली, पत्र्याचे सुटे भाग काढणाऱ्या प्रेसची लाईन चार महिने बंद पडली आणि आम्हा कंत्राटी पोरांना घरी बसवलं. क्लॅरनेट मी गावातल्या चुलत्याकडे शिकलो होतो. चित्रपटांतली शंभर-सव्वाशे गाणी बोटांत होती. कुणीतरी सांगितलं, दौंडच्या आप्पांच्या बँडला माणूस हवाय. गेलो. आप्पा सत्तरीला टेकलेले, काडीसारखे. सॅक्सोफोन गळ्यात घातला की माणसापेक्षा वाद्यच जड दिसायचं. त्यांनी माझं एक गाणं ऐकलं, दुसरं ऐकलं, आणि म्हणाले, "सूर सच्चा हाय. पर तू कुठंच चुकंना. का रं?"

मला ती शाबासकी वाटली.

आप्पांचे वडील रेल्वेत खलाशी होते. रेल्वेच्या वसाहतीत एक म्हातारे गार्डसाहेब राहायचे आणि तिथल्या हॉलमध्ये साहेब लोकांच्या नाचाला सॅक्सोफोन वाजवायचे. लहानपणी आप्पा हॉलच्या खिडकीला लोंबकळून ऐकायचे. पुढे गार्डसाहेबांनीच त्यांना आत बोलावलं आणि शिकवलं. ते ज्या वाजवण्याला जॅझ म्हणायचे, त्याला आप्पा 'गाडी सोडणं' म्हणायचे. "गाणं म्हंजी नुसती स्टेशनं," ते सांगायचे. "दौंडला थांबायचं, पाटसला थांबायचं, त्यात बदल न्हाई. पर मधली गाडी तुझी. हळू ने, शिट्टी मार, कायबी कर. गार्डसाहेब म्हणायचे, मधली गाडी ज्याला हाकता येत न्हाई, त्यानं तिकिटं फाडावी."

आमच्याकडे लग्नाआधी नवरदेवाला घोड्यावर बसवून वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला नेतात, त्याला परण्या म्हणतात. आप्पांची खरी गाडी सुटायची ती परण्यात. गाण्याचे दोन अंतरे झाले की ते डोळे अर्धे मिटायचे आणि चाल सोडून द्यायचे. मोठ्या ड्रमवर बबन होता. त्याच्या ठेक्याच्या एकेका फेरीवर आप्पा काहीतरी नवं मांडत जायचे. कुठून आणायचे ते समोर उभं राहून बघितलं तरच कळायचं. घोडीच्या गळ्यातली घंटा, करवलीच्या कडेवर रडणारं पोर, लाकडाच्या वखारीतला करवतीचा आवाज, जे कानावर पडेल ते उचलायचे. एकदा तर चक्क चुकले. एक सूर असा लागला की घोडीनंही कान टवकारले. आप्पा पुढे गेले नाहीत. फिरून त्याच सुरावर आले, मग आणखी एकदा आले. तिसऱ्या वेळी तो सूर इतका गोड लागला की पुढच्या म्हाताऱ्यानं मान डोलावली.

नंतर म्हणाले, "चुकलेल्या सुराला एकटं टाकून पळायचं न्हाई. परत जायचं त्याच्याकडं. तीनदा गेलं की त्यो आपला हुतो."

माझ्या कंपनीत चुकलेला तुकडा लाल डब्यात जातो. सकाळी पहिला तुकडा निघाला की तो मापतात, पास झाला तर त्याच्यावर सही करून टेबलावर ठेवतात आणि दिवसभराचे सगळे तुकडे त्याच्यासारखेच काढायचे. केसाएवढा फरक पडला तरी लाल डबा. सात वर्षं मी हेच केलं होतं. माझ्या हाताखालचा एक तुकडा नापास झाला की रात्री जेवण जायचं नाही, इतका मी त्यात मुरलो होतो. गंमत म्हणजे माझा आज्जा मेंढपाळ. मेंढरांना गवत जिथं असेल तिथं जायचं, दरवर्षीची वाट वेगळी. सुंबरान, म्हणजे देवापुढची धनगरी ओवी, मांडायला बसला की समोर जो बसलाय त्याचं नाव, त्याच्या गावचा ओढा, त्याच्या म्हशीचं शिंग, सगळं ओवीत जागच्या जागी गुंफायचा. काल गायलेलं आज मागितलं तर म्हणायचा, "कालचं काल गेलं." वडिलांनी मेंढरं विकून जमीन धरली. मी मशीन धरली. आज्जाचं ते कुठं सांडलं कोण जाणे.

आप्पांचे वरचे पुढचे चार दात हलत होते. सॅक्सोफोनच्या तोंडाच्या नळीवर वरचे दात टेकवून धरायचे असतात, दात गेले की वाजवणं गेलं. दौंडच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, चारही काढावे लागतील, आत पू झालाय. आप्पा म्हणाले, एवढी लगीनसराई जाऊ द्या. नळीवर दात रुतू नयेत म्हणून त्यांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून चिकटवला होता. प्रत्येक परण्यानंतर ते पाठमोरे होऊन गुळण्या करायचे. आम्ही दुसरीकडे बघायचो. ती त्यांची शेवटची लगीनसराई आहे हे बँडातल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. त्यांना स्वतःला एकच घाई झाली होती. ती मधली गाडी हाकणारं कुणीतरी मागे राहावं. ट्रंपेटवाला दारू प्यायचा, कॅसिओवाल्याला ठेक्याचं बटण दाबण्यापलीकडे काही येत नव्हतं. उरलो मी.

भांडगावचं लग्न. हायवेच्या कडेनं परण्या चालला होता, ऊन मी म्हणत होतं. आप्पांनी चाल सोडली आणि तेवढ्यात मागून ट्रकनं हॉर्न दिला, तो लांबलचक तीन सुरांचा. आप्पांनी तेच तीन सूर उचलले. आधी जसेच्या तसे, मग उलटे, मग एकेक सूर इतका लांबवला की तो हॉर्न कुणीतरी कुणाला मारलेली हाक वाटायला लागला. ट्रकवाला खाली उतरून उभा राहिला. त्याला मागून दुसरे हॉर्न देत होते आणि तो हलत नव्हता. माझ्या शर्टाच्या खिशात मोबाईल होता. रेकॉर्डिंग मी आधीच सुरू केलं होतं, कारण असलं काही हातातून जाऊ द्यायचं नाही अशी माझी हिशेबी बुद्धी.

मग आप्पांनी माझ्याकडे बघून हनुवटी उचलली. घे, असा त्याचा अर्थ. मी बुटांकडे बघितलं. बबनचा ड्रम चालू होता. जरा वेळानं आप्पांनी स्वतःच नळी तोंडाला लावली आणि पुढे वाजवत राहिले.

वाटलं होतं टेम्पोत शिव्या बसतील. आप्पांनी आपला बर्फाचा गोळा माझ्यापुढे धरला. "खा तू. मला थंड सोसंना." बबनलाच राहवलं नाही. "आप्पा, आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठनं यायचं?" आप्पा म्हणाले, "आड भरल्याला हाय. ह्यो पोहरा सोडायलाच भितोय."

ते वाक्य मला लागलं. आणि मी जे केलं ते माझ्यासारखा प्रेसवरचा माणूसच करू शकतो. पुढचे आठ दिवस ते रेकॉर्डिंग कानाला लावून मी आप्पांचा सूर नि सूर बसवला. ट्रकचा हॉर्न, त्याचं उलटं, ती हाक, कुठं श्वास घेतला तेसुद्धा. पास झालेला तुकडा समोर ठेवावा तसं ते ठेवलं आणि तंतोतंत तसंच काढलं. आप्पांना किती आनंद होईल या कल्पनेनं मला झोप येत नव्हती, हे आता लिहिताना कानाच्या पाळ्या गरम होतात.

कोरेगाव भीमाला परण्या निघाला. आप्पांनी हनुवटी उचलली आणि मी सुरू केलं. एक सूर इकडचा तिकडे झाला नाही. पोरांनी शिट्ट्या मारल्या, नवरदेवाच्या मामानं फेटा उडवला. मी आप्पांकडे बघितलं. त्यांनी सॅक्सोफोन खाली घेतला होता आणि ते रस्त्याकडे बघत होते. रस्ता मोकळा होता, एक ट्रक नव्हता.

लग्न लागलं, पंगती बसल्या. मांडवामागे लिंबाखाली आप्पा पाय पसरून बसले होते. मी जाऊन उभा राहिलो.

"बरं वाजलं का आप्पा?"

"वाजलं की."

"मग?"

"ते माझं हाय," ते म्हणाले. "भांडगावात त्या ट्रकानं हाक मारली, मी ओ दिली. आज कुणी हाक मारली हुती तुला?"

मी पत्ती काढून गालात धरली.

"माझं माझ्यासंगं जाईल रं. ते ठिवून काय करतूस? तुझं कवा ऐकवणार? माझे दात पडल्यावर?"

रागावले असते तर बरं झालं असतं. ते विनवत होते. एवढा मोठा माणूस माझ्यासारख्यापुढे विनवत होता, आणि माझ्या मनात एकच विचार होता, चुकलो तर लोक हसतील.

ज्येष्ठातली लग्नाची शेवटची तिथी आली. लग्न दौंडातच होतं, त्यामुळे आप्पांच्या पत्नी, त्यांना आम्ही माई म्हणायचो, नवी साडी नेसून रस्त्याच्या कडेला येऊन उभ्या होत्या. आप्पा त्या दिवशी काय वाजवत होते ते मला सांगता येत नाही. त्या दिवशी रेकॉर्डिंग केलं नव्हतं, कोरेगावनंतर पुन्हा करणार नाही असा आप्पांना शब्द दिला होता. एवढं आठवतं की जंक्शनवर इंजिन शिट्टी देत होतं आणि आप्पा तिला उत्तर देत होते, आणि माई मुलीसारख्या हसत होत्या. मग एकदम सूर फाटला. आप्पांनी हात तोंडाशी नेला. बोटं लाल झाली. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. हनुवटी उचलली नाही, नुसतं बघितलं.

बबन एकटा ड्रम वाजवत राहिला. त्याच्याही डोळ्यांत तेच होतं, घे, घे की. माझं क्लॅरनेट तोंडात होतं. पत्ती ओली होती, बोटं भोकांवर होती. शंभर गाणी येणाऱ्या माणसाला त्या क्षणी एक सूर सुचेना. खरं सांगायचं तर सुचत होते, दोन-तीन सुचत होते, आणि प्रत्येकाला मी मनातच मापून लाल डब्यात टाकत होतो. शेवटी नवरदेवाचा कुणी मित्र ओरडला, "अरे बंद का पडलं? डीजे लाव!" स्पीकर सुरू झाले. पोरं पुन्हा नाचायला लागली. कुणाला काही फरक पडला नाही.

आप्पांनी पाण्याच्या ग्लासात नळी धुतली. माईंनी सॅक्सोफोन त्यांच्या गळ्यातून काढून पदरात गुंडाळला.  आप्पा टेम्पोत माझ्या खांद्यावर हात टाकून बसले, तोंडाला फडकं लावून.

दात काढले. कवळी आली, ती नळीखाली सरकायची. मी दोनदा भेटायला गेलो. मग लाईन सुरू झाली, कंपनीनं परत बोलावलं, कारेगावला खोली घेतली. सुट्टीच्या दिवशी दौंडला जायचं म्हणायचो आणि कपडे धुवत बसायचो. लाज वाटत होती, हे खरं कारण. असं करत करत अडीच वर्षं गेली आणि गेल्या पौषात बबनचा फोन आला की आप्पा गेले.

दहाव्याला गेलो. सगळं उरकल्यावर माईंनी मला घरात बोलावलं. "लई वाट बघायचे तुझी," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, त्याला येतंय, नुसता भितोय." मग म्हणाल्या, "त्यांचं वाजवल्यालं तुझ्याकडं काय हाय का? आमच्याकडं कायबी न्हाई बघ. जल्मभर वाजवलं आन् घरात एक सूर न्हाई."

मी मोबाईल काढला. भांडगाव लावलं. माई कान देऊन ऐकत होत्या. ट्रकचा हॉर्न आला तशा हसल्या. मला सगळं पाठ होतं, त्यामुळे आप्पांचा तुकडा संपल्यावर मी बंद करायला बोट पुढे केलं. मी कायम तिथंच बंद करायचो. बसवायला लागणारं तेवढंच होतं. माईंनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे."

नुसता ड्रम वाजत होता. एक फेरी. मग अगदी जवळून, माझ्या खिशाशेजारी उभ्या असलेल्या माणसाचा दबका आवाज आला, "घे." भर उन्हात, त्या गोंगाटात आप्पा तोंडानंही बोलले होते, आणि मी ते ऐकलं नव्हतं. दुसरी फेरी. तिसरी. चौथी.

"हितं का थांबल्यात?" माईंनी विचारलं.

"माझ्यासाठी," मी म्हणालो.

 चार फेऱ्यांनंतर आप्पा पुन्हा सुरू झाले आणि माई डोळे पुसायला लागल्या. रेकॉर्डिंग मी त्यांच्या नातवाच्या मोबाईलवर पाठवून दिलं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आलो. मिरवणूक संपल्यावर घोडं आणणाऱ्याला लोक हसतात. वरातीमागून घोडं ही म्हण बँडवाल्यांत आम्ही कितीदा वापरली असेल.

परवाच्या त्या टेम्पोनंतर काल साप्ताहिक सुट्टी होती. दुपारी खोलीचं दार लावून घेतलं. पत्रा तापला होता. क्लॅरनेट जोडलं, पत्ती गालात धरून भिजवली, मोबाईल खिडकीत ठेवला आणि भांडगाव लावलं. आप्पा हॉर्नशी बोलून घेत होते तोवर मी उभा राहिलो. मग ड्रम, आणि "घे."

मी फुंकलं. काय वाजवायचं ते ठरवलं नव्हतं, त्यामुळे पहिलाच सूर चिरकला. भिंतीपलीकडे बिहारची पोरं राहतात. माझं पाठ केलेलं गाणं त्यांना रोजचं झालंय. त्यांतला एकजण ओरडला, "भैया, आज धुन बिगड़ गई क्या?" हात थांबत होते, पण थांबलो नाही. त्याच चिरक्या सुराकडे परत गेलो. दुसऱ्यांदा तो थोडा सरळ झाला. तिथून कुठं जायचं ते दिसायला लागलं, आज्जा मेंढरांपुढे काठी टेकत जायचा तसं जरासं पुढे गेलो, आणि पहिल्यांदाच मला कुणी मापत नव्हतं. मी हसत होतो बहुतेक, कारण सूर हलत होता. आता तिसऱ्यांदा जायचं, म्हणजे तो माझा झाला असता.

तेवढ्यात चार फेऱ्या संपल्या. खिडकीतून आप्पा सुरू झाले, मी वाजवत होतो त्याच्या वरूनच, जणू कुणी काही वाजवलंच नव्हतं. मी क्लॅरनेट खाली घेतलं आणि ते संपेपर्यंत ऐकत उभा राहिलो.